चुलीचा धूर आणि धुराड्याची निगा



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोते गडकोटांची, लढायांची, निदान एखाद्या तहाची अपेक्षा करतात. आज मी आपणांस ज्या ठिकाणी नेणार आहे तेथे तोफ नाही, तट नाही. आहे ती चार हात लांबीची एक काळोखी खोली, कोपऱ्यात मातीची चूल, आणि वर पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने काळी कुळकुळीत झालेली आडवी तुळई. या तुळईवर कोणी शिलालेख कोरलेला नाही; तरीही आपल्या समाजाचा पुष्कळसा इतिहास त्या काजळीच्या थरांत साठून राहिला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आपल्या भाषेनेच याची साक्ष दिली आहे. भाऊ वेगळे झाले की त्यांनी 'वेगळी चूल मांडली' असे आपण म्हणतो. लग्नकार्यात साऱ्या घराला जेवावयास बोलवावयाचे तर 'चूलबंद आवतण' देतो. दुसऱ्याच्या घरातील उणे दिसले तर 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून स्वतःचे समाधान करून घेतो. घराचे एकक चूल, कुटुंबाचे एकक चूल, आणि बाईच्या आयुष्याची मर्यादा सांगावयाची तरीही चूलच! ज्या वस्तूला भाषेने इतके मोठे स्थान दिले, तिच्या धुराचे काय करावयाचे याचा विचार मात्र आपण फार उशिरा केला, आणि केला तोही अर्धवटच सोडून दिला. तो कसा सोडला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हाच आजचा विषय.

प्रथम आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील जुनी चूल डोळ्यांसमोर आणू या. पांढरी किंवा तांबडी माती, तीत गव्हाचा भुसा आणि शेण कालवून, पायाने तुडवून ती मुरू द्यावयाची. मग हाताने थापून चुलीचे तीन बाजूंचे अंग उभे करावयाचे. मागे किंवा बाजूला वैल, ज्याला काही घरांत औल म्हणतात. पुढच्या जाळावर भाकरी, मागच्या वैलावर आमटीचे भांडे. म्हणजे वाया जाणारी धग पकडून तिच्यावर दुसरे भांडे शिजविण्याची युक्ती आपल्या आज्या-पणज्यांना पुरेपूर ठाऊक होती. पुढे शास्त्रज्ञांनी जी 'सुधारलेली चूल' काढली तिचे बीज या वैलातच आहे. रोज सकाळी राख काढणे, पोतेरे फिरविणे, भेग दिसली की ओल्या मातीने लिंपणे, ही तिची निगा. ती कोणी शिकवीत नसे. मुलगी आईजवळ बसून शिके.

धुराला मात्र वाट नव्हती. तो कवेलूंच्या फटींतून, गवताच्या छपरातून, दारातून जमेल तसा निघून जाई. त्याचे काही उपयोगही होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चुलीवर टांगलेली मक्याची कणसे आणि बियाण्याच्या शेंगा धुरामुळे किडीपासून वाचत. छपराच्या बांबूला आणि गवताला सहसा वाळवी लागत नसे. म्हणून धूर हा शत्रू आहे असे कोणाला वाटलेच नाही. तो घरातला एक माणूसच होता, जरा त्रासदायक, पण आपला.

खरी भीती होती ती ठिणगीची. कोलामांचे पोड पाहा, बंजाऱ्यांचा तांडा पाहा, किंवा कुणब्याचे साधे घर पाहा. पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, अंगणात पऱ्हाट्यांची गंजी. वैशाखातला आपल्याकडील वारा आपणांस सांगावयास नको. त्या वाऱ्यात एक ठिणगी उडाली की घर जाते, आणि घरामागून आळी जाते. म्हणून उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी स्वयंपाक उरकून चूल विझविण्याची रीत जाणत्या घरांतून पाळली जाई. विस्तव राखेखाली झाकून ठेवावयाचा, उघडा ठेवावयाचा नाही. अग्निशामक दलाचे नावही ज्या काळी खेड्यात नव्हते, त्या काळचे हे अग्निशास्त्र होते.

आता सरपणाकडे वळू. चुलीत काय जळते, यावर धूर किती होणार हे ठरते. आणि काय जळते हे पुष्कळदा राज्यकर्ते ठरवितात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो त्याला पूर्वी वणीवरून नाव होते. १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव आले. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली. केळापूर, वणी, पुसदकडचा साग सरकारच्या हिशेबात इमारती लाकूड म्हणून मोजला जाऊ लागला. पिढ्यान्‌पिढ्या जी बाई रानातून सरपणाची मोळी आणीत होती, ती एका कागदाने गुन्हेगार ठरू लागली. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या गवताच्या पेंढीबरोबर सरपणाच्या मोळीचाही प्रश्न बांधलेला होता, हे मात्र आपण विसरतो. रानात काय तोडावे आणि काय वेचावे याचा हक्क कोणाचा, हाच त्या सत्याग्रहाचा गाभा.

रान दुरावले तसे चुलीत पऱ्हाटी आली. कापसाची वेचणी संपली की उभी पऱ्हाटी उपटून तिच्या गंजी घरापाशी रचावयाच्या, आणि वर्षभर जाळावयाच्या. पऱ्हाटी भरकन पेटते, भरकन विझते. चुलीपाशी सारखे बसून ती आत सारावी लागते. ओली असली तर धूर विचारू नका. शिवाय त्या गंजीत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, म्हणून शेतकीखाते ती रचून ठेवू नका असे सांगते. खात्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. परंतु जिच्या घरी दुसरे सरपण नाही, तिने मग काय जाळावे, याचे उत्तर त्या पत्रकात नसते.

येथे थोडे समुद्रापलीकडे पाहू या. धुराडे हा काही आपल्याकडील शोध नव्हे. युरोपातील थंडीने तेथील माणसाला दारे-खिडक्या लावून घेऊन आगीजवळ बसावयास लावले. तेव्हा धुराला छपरातून वेगळी वाट करून देणे भागच पडले. धुराड्याचे तत्त्व सोपे आहे. तापलेली हवा हलकी होते, ती वर चढते. नळी जितकी उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने शेगडीचा घसा अरुंद करून ही ओढ कशी वाढवावी, हे दाखवून दिले.

परंतु धुराडे आले की त्याच्याबरोबर एक नवे काम येते. धूर नळीतून जाताना थंड होतो आणि आपली काजळी, आपले डांबर नळीच्या अंगावर सोडून जातो. ते साचले की नळी अरुंद होते, धूर घरात परततो. आणि फार साचले तर एके दिवशी ती काजळीच पेट घेते. म्हणून इंग्लंडात धुराडी साफ करणाऱ्यांचा एक धंदाच निर्माण झाला. अरुंद धुराड्यांत लहान मुले चढवीत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिले की, या मुलांना मोठेपणी जो विशिष्ट कर्करोग होतो त्याचे कारण ही काजळी आहे. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. मुलांना धुराड्यात चढविण्याची चाल परिणामकारक रीतीने बंद व्हावयास मात्र १८७५ चा कायदा यावा लागला. रोगाचे कारण कळल्यापासून कायदा अंमलात येईपर्यंत शंभर वर्षे! काजळी साफ करणारे हात गरिबाचे असले की समाजाला घाई नसते, हा धडा आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता आपल्या देशात परत येऊ. यवतमाळच्या एका अंगाला वर्धा नदी आणि दुसऱ्या अंगाला पैनगंगा. या दोन्ही नद्यांच्या पलीकडे, थोड्याच वर्षांच्या अंतराने, बिनधुराच्या चुलीचे दोन प्रयत्न झाले. आपला जिल्हा जणू त्या दोहोंच्या मधोमध बसला होता.

वर्ध्याच्या बाजूचा पहिला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी दिलेल्या जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. संघाची सूत्रे होती जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती. हा माणूस परदेशात हिशेबशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकलेला. परंतु राष्ट्राचा जमाखर्च घाणा, हातसडीचे तांदूळ आणि चूल यांपासून मांडावयास हवा, असा त्याचा आग्रह होता. तेथील कार्यकर्त्यांनी जी चूल तयार केली ती 'मगन चूल'. मातीचा लांबट ओटा. एका तोंडाने सरपण घालावयाचे. जाळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली जावयाचा, आणि उरलेला धूर नळीने छपराबाहेर. लोखंड जवळजवळ नाहीच. गावच्या मातीत, गावच्या हाताने होणारी अशी ती वस्तू होती.

पैनगंगेच्या पलीकडे त्या वेळी हैदराबादचे राज्य होते. तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी याच प्रश्नाचा अभियंत्याच्या दृष्टीने अभ्यास केला, आणि १९५३ मध्ये कोट्यवधींसाठी बिनधुराचे स्वयंपाकघर कसे करता येईल यावर पुस्तकच प्रसिद्ध केले. एकीकडे ग्रामोद्योगाचे व्रत, दुसरीकडे प्रयोगशाळा. उत्तर मात्र बहुतेक एकच निघाले. जाळ झाका, धग दोन भांड्यांना वाटा, धूर नळीने बाहेर काढा.

मग घरोघरी धुराडी का दिसू लागली नाहीत? एक कारण असे की, धूर म्हणजे डोळ्यांची चुरचूर, एवढीच त्याची गणना होत होती. तो मारतो, हे सिद्ध व्हावयाचे होते. १९५९ मध्ये दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसांच्या विकारामुळे हृदयाचा उजवा भाग निकामी होण्याच्या १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा पाश्चात्य देशांत हा विकार मुख्यतः पुरुषांचा, धूम्रपान करणाऱ्यांचा समजला जात असे. येथे मात्र बायकाही मोठ्या संख्येने आढळल्या, आणि संशयाचे बोट चुलीच्या धुराकडे वळले. पुढे १९८३ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो याचे मोजमाप प्रसिद्ध केले. चूल पेटलेली असताना त्या जी हवा घेत होत्या, तिच्याशी तुलना करता शहरातील कारखान्यांची हवा स्वच्छ म्हणावी अशी स्थिती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत बायका आणि मांडीवरची मुले किती असतील, याची कल्पना आपण करू शकता.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो केंद्राने आटोपता घेतला तोपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. आकडा मोठा आहे. परंतु आकडा बसविलेल्या चुलींचा आहे, पेटत्या चुलींचा नाही.

येथे मी एका घरची गोष्ट सांगतो. माझी एक आतेबहीण केळापूर तालुक्यातील एका लहान गावी राहत असे. १९८७ च्या सुमारास तिच्या घरी अशी चूल बसली. एक कारागीर सकाळी आला आणि दुपारी गेला. चूल चांगली होती. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात डोळे उघडे ठेवून बसता आले, याचे तिला कोण अप्रूप! परंतु नळीचे तोंड छपराच्या आढ्यापेक्षा खालीच राहिले होते. पश्चिमेचा वारा सुटला की धूर उलटा घरात येई. दुसऱ्या भांड्याचे तोंड तिच्या पातेल्याला मोठे पडे, म्हणून तिने त्यावर एक दगड ठेवला. नळी साफ करावयाची असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी कशाने करावयाची, हा प्रश्न होताच. तिसऱ्या उन्हाळ्यात एका रात्री, नळी जेथे गवताच्या छपरातून बाहेर पडत होती, तेथे धुमसू लागले. शेजारपाजार जागा होता, रांजण भरलेले होते, म्हणून घर वाचले. दुसऱ्या दिवशी तिने ती नळी काढून न्हाणीच्या पाण्याला लावली आणि जुनी चूल पुन्हा मांडली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "भाऊ, चूल देल्ली, पन मागून पाहाले कोनी आलं नाही."

या एका वाक्यात साऱ्या योजनेचे परीक्षण आले. पुढे पंडितांनीही तेच सांगितले. ओडिशातील ४४ गावांतील सुमारे २,६०० कुटुंबांत धुराड्याच्या चुली देऊन त्यांचा अनेक वर्षे मागोवा घेणारे संशोधन २०१२ मध्ये पुढे आले. त्याचा निष्कर्ष असा की, पहिल्या वर्षी श्वासातील धूर कमी झाला. नंतर तो लाभ नाहीसा झाला. कारण चुली फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती झाली नाही आणि वापर घटत गेला. मगनवाडीपासून ओडिशापर्यंतच्या या प्रवासाचे सार एवढेच की, धुराडे बसविणे हे एका दिवसाचे काम आहे आणि धुराडे राखणे हे रोजचे.

म्हणून राखावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे थोडक्यात सांगतो. इतिहासाच्या व्याख्यानात हे अस्थानी वाटेल. परंतु ज्या ज्ञानाअभावी योजना बुडाली ते ज्ञानही इतिहासाचाच भाग आहे. नळीचे तोंड आढ्याच्या वर निदान दोन हात असावे आणि त्यावर पावसासाठी टोपी असावी. नळी छपरातून जाते तेथे गवत, बांबू, लाकूड तिला लागता कामा नये. सभोवार पत्र्याची किंवा मातीची जाड कड करून चांगले अंतर राखावे. सरपण फोडून, आदल्या उन्हाळ्यात वाळवून, पावसाळ्यात आडोशाला ठेवावे. ओले लाकूड आपली बरीच धग स्वतःचे पाणी आटविण्यात घालविते आणि डांबर नळीत सोडते. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, लांब काठीला काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा घट्ट बांधून नळी वरून खाली घासावी, आणि खाली पडलेली काजळी ओढून काढावी. तोंडाला फडके बांधावे. चुलीच्या आतील वाटेतली राखही खरडावी, कारण नळी मोकळी असून वाट तुंबली तरी धूर परततोच. भेगा दिसताच लिंपाव्या. काढलेली राख थंड दिसली तरी तिच्यात निखारा जिवंत असतो. ती मडक्यात झाकून ठेवावी, पऱ्हाटीच्या गंजीपाशी टाकू नये. नळीत घरघर आवाज येऊन ती पेटलीच तर वरून पाणी ओतू नये, नळी फुटते. चुलीचे तोंड बंद करून हवा तोडावी, माणसे बाहेर काढावी आणि छपरावर लक्ष ठेवावे. आणि हिवाळ्यात निखाऱ्यांची शेगडी घेऊन दारे-खिडक्या लावून झोपणे, हे तर साक्षात यमाला आवतण होय. त्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला धूर नसतो, वासही नसतो.

यात अवघड असे काहीही नाही. अडचण ज्ञानाची नाही. हे काम कोणाचे, याची आहे. छपरावर चढून नळी घासणे हे बाईने करावयाचे की पुरुषाने, याचा निर्णय झालेला नव्हता. चूल बाईची आणि छप्पर पुरुषाचे, अशी आपल्या घरात जुनी वाटणी. धुराडे नेमके या दोहोंच्या हद्दीवर उभे राहिले, आणि म्हणून कोणाचेच झाले नाही! ज्या ठिकाणी गावातल्याच कुंभाराला किंवा बचतगटाच्या भगिनींना साचा देऊन चुली करावयास शिकविले, तेथे गोष्ट निराळी होती. पुण्याच्या 'आरती' या, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने महाराष्ट्रात असे प्रयत्न केले. करणारा हात गावात असेल तर दुरुस्त करणारा हातही गावात राहतो. कुमारप्पांना हेच म्हणावयाचे होते.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिची आठ कोटीवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात देण्यात आली. गॅसची शेगडी हा मोठाच दिलासा आहे. तिची निंदा करणाऱ्याने आधी एक दिवस ओल्या पऱ्हाटीवर भाकरी थापून दाखवावी. परंतु सिलिंडर घरात येणे आणि तो दर महिन्याला भरून आणता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत चहा गॅसवर होतो आणि भाकरी, आंघोळीचे पाणी व जनावरांचे खाणे चुलीवरच शिजते. म्हणजे चूल गेलेली नाही, ती फक्त आपल्या बोलण्यातून गेली आहे. योजनेच्या कागदावर ते घर 'धूरमुक्त' झाले, आणि म्हणून त्या घरातल्या धुराची चौकशी करावयास आता कोणी जाणार नाही. मला भीती वाटते ती याचीच.

श्रोतेहो, आपण येथून उठून घरी जाल. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावाकडच्या घरी आज संध्याकाळी चूल पेटलेली असेल. पुढच्या खेपेस जाल तेव्हा एवढे करा: स्वयंपाकघरात जाऊन, जाळ चालू असताना, पाटावर पाव घटका नुसते बसा. नंतर बाहेर या आणि छपराकडे पाहा. नळी असेल तर तिच्या तोंडातून धूर निघतो आहे की नाही, ते पाहा. निघत नसेल तर तो कोठे जातो आहे, हे आपणांस नुकतेच कळलेले असेल. मग शिडी लावा. काठीला बोळा बांधा. आणि हे काम कोणाचे, या प्रश्नाचा निकाल निदान आपल्या घरापुरता तरी लावून टाका.